परसातील झाड आणि शेजाऱ्याची घागर

ज्या गावात चैत्र सरता सरता आडाचा तळ दिसू लागतो आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बायकामुले बसतात, त्या गावात आपल्या परसातील मोगऱ्याला तांब्याभर पाणी घालणे न्यायाचे आहे काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. जगात एवढे मोठे वाद पडले असता एका झुडपाची काय मातब्बरी, असेही कोणी म्हणेल. परंतु छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वैजापूर, गंगापूर, पैठण, फुलंब्री या तालुक्यांत ज्यांनी उन्हाळे काढले आहेत, त्यांस तो क्षुल्लक वाटणार नाही. तेथे तो दर वर्षी घराघरात उभा राहतो, आणि कोणी एक शब्द न बोलता त्याचा निकालही लागतो. न बोलता लागलेले निकाल पुष्कळदा घरातल्या आणि गावातल्या दुबळ्या माणसाच्या विरुद्ध लागतात. म्हणून आज तो उघड बोलून पाहावा, असे आमच्या मनात आले.

प्रथम परस म्हणजे काय, ते नीट डोळ्यांपुढे आणू. आमच्या भागातील परस म्हणजे काही श्रीमंताचा बगीचा नव्हे. घराच्या मागे चार-सहा हात मोकळी जागा, काटेरी झापांचे कुंपण, एका कोपऱ्यात न्हाणीचा दगड, दुसऱ्या कोपऱ्यात उकिरडा, आणि मध्ये जे उगवेल ते. रोहिणी संपून मृग लागला की घरातील वडील बाई उतरंडीतल्या मडक्यातून राखेत राखून ठेवलेले बी काढते. भेंडी व गवार वाफ्यात टोबतात. दोडका, कारले, भोपळा यांची आळी कुंपणाशी करतात, म्हणजे वेलाला वेगळा मांडव घालावा लागत नाही. श्रावणात भोपळ्याचा वेल छपरावर चढतो आणि घरातली पोरे कोणता भोपळा कोणाचा, यावरून भांडतात. हस्ताचा पाऊस होऊन गेला की मेथी, शेपू, पालक, कोथिंबीर, मुळा, लसूण यांचे वाफे होतात. हा थंडीचा काळ परसाचा खरा सुखाचा काळ. पाणी थोडे लागते, ऊन सोसवते, आणि भाकरीबरोबर रोज काही ना काही हिरवे ताटात पडते. संक्रांतीनंतर मात्र दिवस ताणतात. माघ-फाल्गुनात चवळी, तांदुळजा, काकडी यांचा एखादा वाफा धरला तर धरला. त्यापुढे परसात राहतात ती झाडेच: शेवगा, कढीपत्ता, लिंबोणी, पेरू, एखादी केळ, तुळस, जास्वंद आणि मोगरा.

या भागात पाऊस सरासरीने सुमारे सातशे मिलिमीटर पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे आठ महिने परस जगतो तो साठवलेल्या किंवा उपसलेल्या पाण्यावर. मृगात पेरताना हे कोणी मनात आणत नाही. त्याचा हिशेब मागितला जातो तो वैशाखात.

आता कडक मनाच्या माणसाचे म्हणणे ऐकू. तो म्हणतो, टंचाईच्या दिवसांत सरकारी टँकरने दरडोई दररोज 20 लिटर पाणी द्यावे, असे प्रमाण आहे. पाच माणसांच्या घरास 100 लिटर, म्हणजे सहा-सात घागरी. त्यातच पिणे, रांधणे, न्हाणे, भांडी, धुणे आणि दावणीचे जनावर. अशा वेळी फुलझाडाला घातलेला प्रत्येक तांब्या हा कोणाच्या तरी ओठांपासून काढून घेतलेला तांब्या होय. आणि हे म्हणणे पोरकट नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील धरणे जवळजवळ रिती झाली, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि त्याच एप्रिल महिन्यात हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. माणसे तहानलेली असता क्रिकेटच्या मैदानांवरील हिरवळीस पाणी मारावे काय? न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. त्याच सुमारास औरंगाबाद खंडपीठाने मद्य व बिअर यांच्या कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करविली. जो न्याय मैदानाला तोच परसाला का नाही, असे आमचा कडक मित्र विचारतो.

त्याला उत्तर देणे सोपे नाही. मैदान मोठे आणि परस लहान, एवढे म्हणून सुटका होत नाही. लहान चोरी ही चोरीच असते. परंतु त्याच्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती तपासून पाहिली पाहिजे. न घातलेले पाणी आपल्या पायांनी चालत तहानलेल्याच्या घरी जाते, असे तो समजून चालला आहे. तसे होत नाही. न्यायालयाने कारखान्याचे पाणी तोडले, तेव्हा ते दुसरीकडे वळविण्यास धरण होते, नळ होते, अधिकारी होते. आमच्या परसात यांतले काही नाही. ज्याने मोगरा वाळू दिला आणि वाचलेल्या पाण्यावर रांजणाचे झाकण घट्ट बसविले, त्याने शेजाऱ्याचे काय भले केले? त्याच्या घरी पाणी एक तांब्या जास्त उरले, इतकेच. याला काटकसर म्हणता येईल, क्वचित कृपणपणाही म्हणता येईल; परोपकार मात्र म्हणता येणार नाही. उलट जिच्या दारी मोगरा हिरवा आहे आणि जिच्या आडावर शेजारणीची दोरी रोज पडते, तिला आम्ही दोष कसा द्यावा? मोगऱ्याकडे बोट दाखविणे सोपे असते, कारण तो दिसतो. बंद केलेला आड दिसत नाही.

येथे आम्हांस वाटते की प्रश्न झाडापासून सरकून पाण्याच्या मालकीपाशी येतो. माझ्या जागेत आड आहे, म्हणून त्यातील पाणी माझे, असे आपण सहज बोलतो. दगड माझा, चुना माझा, खोदण्याची मजुरी मी दिली, हे खरे. पाणी कोठून आले? ते चार शेते ओलांडून, माळावरच्या मुरमातून आणि काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत आले. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने बांध घातला म्हणून ते मुरले असेल. खोल बोअर घेणारा तर उघडच शेजाऱ्याच्या जमिनीखालचे पाणी ओढतो. त्याच्या पंपाचा आवाज सुरू झाला की अलीकडचा उथळ आड खाली जातो, हे पाहण्यास शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही. आपल्या राज्याच्या 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून 500 मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर खणण्यास बंदी घातली, आणि पुढे 2009 च्या भूजल अधिनियमाने अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरांहून खोल जाण्यास अटकाव केला. हे कायदे गावोगाव किती पाळले जातात, ते वाचक आपापल्या गावी पाहतच आहेत. पण त्यांच्या मुळाशी जो विचार आहे तो आम्हांस बरोबर वाटतो: जमीन नावावर लागते, पाणी लागत नाही.

आणि हा विचार आमच्या वाचकांपैकी कित्येकांस नवा नाही. त्यांच्या आजा-पणज्यांनी गावच्या विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी वरून ओतील म्हणून वाट पाहिलेली आहे. 1868 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरच्या पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. तो हौद सरकारी नव्हता, गावचा नव्हता. राहत्या घराचा होता. म्हणजे जी गोष्ट आपण आज परसाविषयी विचारीत आहोत, तिचे एक उत्तर दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने आपल्याच घरी देऊन ठेविले. 20 मार्च 1927 रोजी महाडास डॉक्टर आंबेडकरांनी व त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यावर दहा वर्षे कज्जा चालून 1937 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने झाला. ज्यांच्या घराण्यात ही तहान आठवणीत आहे, त्यांच्या परसात आज आड असेल तर त्याचा रहाट कोणी ओढावा आणि कोणी ओढू नये, हे ठरविताना त्यांचे मन सहजासहजी कठोर होऊ नये. होते मात्र. आम्ही ते पाहिले आहे, आणि पाहून वाईट वाटले. जो काल बाहेर उभा होता तोच आज आत उभा राहून दुसऱ्याला बाहेर उभे करतो, तेव्हा विहीर तीच राहते, फक्त काठावरची माणसे बदलतात.

मालकीनंतर श्रमाचा प्रश्न येतो, आणि खरे पाहता तोच घरात अधिक बोचणारा आहे. मागील एका उन्हाळ्यात आम्ही खुलदाबादेकडील एका वस्तीवर दोन दिवस होतो. घर चांगले, माणसे समंजस, परस पाहण्याजोगा. घरधन्यास झाडांचा फार नाद. संध्याकाळी बाजेवर बसून तो प्रत्येक झाडाची हकीकत सांगे: हा पेरू कोठून आणला, ही लिंबोणी किती वर्षांची, या गुलाबाला गेल्या साली किती फुले आली. त्याचे बोलणे ऐकताना आमचे लक्ष त्याच्या सुनेकडे गेले. ती तिसऱ्यांदा डोकीवर घागर घेऊन येत होती. टँकर वेशीपाशी उभा राहतो, वस्ती तेथून लांब. त्या तीन खेपांतील एक खेप गुलाबाची होती. सुनेने तक्रार केली नाही. सासऱ्यापुढे कोणती सून करील? आम्ही विचारले, “बाई, झाडांना पाणी कोण घालतं?” ती हसून म्हणाली, “घालतात मामंजीच. आणते मी.”

या दोन वाक्यांत जेवढे नीतिशास्त्र आहे, तेवढे आम्हांस कित्येक मोठ्या ग्रंथांत आढळले नाही. झाडावरचे प्रेम त्याचे, आणि त्या प्रेमाची किंमत तिच्या मानेवर. असे प्रेम खोटे असते, असे आम्ही म्हणत नाही. तो म्हातारा गुलाबावर खरोखर माया करीत होता. पण आपल्या आवडीचा भार आपण स्वतः उचलीत नसलो, तर ती आवड किती खरी आहे हे आपल्याला कळतच नाही. घागर स्वतः आणावी लागली असती तर कदाचित त्याने गुलाब सोडून लिंबोणी राखली असती; कदाचित दोन्ही राखली असती आणि आम्ही त्याची वाखाणणी केली असती. आमच्या मते घरोघरी एवढा एक नियम घालून पाहण्यासारखा आहे: ज्याला जे झाड हवे, त्याने त्याचे पाणी स्वतः वाहावे. पोराला शाळेतून दिलेले शेवग्याचे रोप लावायचे आहे? लावू द्यावे, आणि त्याच्या हाती लहान कळशी द्यावी. घरधन्यास गुलाब हवा? उत्तम. नियम लागताच परसातील झाडांची संख्या आपोआप मापात येते, आणि जी उरतात ती जगतात.

येथवर आपण असे धरून चाललो की झाडाचे पाणी आणि माणसाचे पाणी ही एकाच भांड्यातील दोन वाटण्या होत, एक वाढली की दुसरी घटते. हे पूर्ण खरे नाही, आणि ते खरे नाही हे आमच्याच शहरात दगडात बांधून ठेवलेले आहे. मलिक अंबराने 1610 साली खडकी वसविली आणि पुढे काही वर्षांत डोंगराकडील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. त्याच धर्तीवर सुमारे तीनशे वर्षांपूर्वी पाणचक्कीचा नळ झाला. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कोसांवरून खापरी नळांतून आलेले पाणी उंचावरून पडते, त्या जोराने जाते फिरते आणि फकीर-यात्रेकरूंचे पीठ दळले जाई. तेच पाणी हौदात साठते, आणि हौद ज्या दालनाच्या माथ्यावर बांधला आहे ते दालन त्यामुळे भर उन्हाळ्यात थंड राहते. एकच पाणी, पण त्याने दळले, त्याने निवविले, आणि मग ते पुढे गेले. बांधणाऱ्यांस पाण्याची किंमत ठाऊक होती, म्हणून त्यांनी त्याला एकदाच वापरून सोडले नाही.

हीच रीत जुन्या बायका परसात चालवीत आल्या आहेत. पाच माणसांच्या घरी शंभर लिटर पाणी आले, तर पिण्यात व रांधण्यात पंधरा-वीस लिटर जाते. बाकीचे न्हाणी, भांडी, धुणे यांत वापरून वाहून जाते. ते न्हाणीच्या मोरीतून चर काढून केळीकडे, कर्दळीकडे, अळूकडे गेले, तर त्या झाडांनी कोणाचे काय घेतले? तांदूळ व डाळ धुतलेले पाणी तर तुळशीस व मोगऱ्यास उत्तमच. एक सावधगिरी मात्र हवी. धुण्याच्या सोड्याचे व पावडरीचे पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी मुरले, की काळी जमीन चोपण होते, मग तीत काही उगवत नाही. ते पाणी वेगळे सोडावे. तसेच कच्ची खाण्याची भाजी, कोथिंबीर वा मुळा, यांवर असले पाणी कधी घालू नये, रोग होतो. नव्या रोपाशेजारी बुडाशी बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घातलेले मडके पुरावे, आणि आळ्यात उसाचे पाचट किंवा पालापाचोळा हातभर पसरावा. घागरीचे काम तांब्यात होते. पावसाळ्यातील गोष्टही येथेच सांगून टाकू. पन्नास चौरस मीटरांच्या पत्र्यावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर तो 35,000 लिटर होतो. त्यातील निम्मा जरी पन्हळ लावून हौदात घेतला किंवा आडाशेजारच्या शोषखड्ड्यात मुरविला, तरी टँकरच्या प्रमाणाने पाच माणसांचे 175 दिवसांचे पाणी झाले. पन्हळीचा खर्च एका शेळीच्या किमतीहून जास्त येत नाही.

इतके करूनही एखादे वर्ष असे येते की दोन वेळा वापरण्यास पहिल्या वेळेचे पाणीच नसते. 2012-13 चा दुष्काळ असा होता. जालना व औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा त्या साली हजारो एकर वाळल्या. ज्या झाडांस वाढवायला सहा-सात वर्षे लागली होती, ती लोकांनी डोळ्यांदेखत सरपणास तोडली. काहींनी टँकर विकत घेऊन बागा जगविल्या, आणि त्यातील काही कर्जात बुडाले. तेव्हा कोणते झाड राखावे आणि कोणते सोडावे, हा निवाडा करणे प्राप्त होते. आमची समजूत अशी आहे की वाफा आधी सोडावा, झाड मागून. मेथी पुन्हा पंधरा-वीस दिवसांत येते. लिंबोणी गेली की तुमच्या नातवाला लिंबू मिळायला पुन्हा चार-पाच वर्षे. झाडांतही, जे आपल्या मुळांवर उभे राहू शकते त्याला थोडे कठोरपणे वागवावे. दौलताबादेच्या डोंगरांत सीताफळी कोणाच्या घागरीवाचून उभ्या असतात. बोर, चिंच, शेवगा यांचीही जात तीच. जे झाड आपण आपल्या हौसेने या मातीत आणले आणि जे आपल्यावाचून एक वैशाख काढू शकत नाही, त्याच्याविषयी आपले देणे अधिक, की त्याला मुळात आणणेच चूक? आम्ही दुसऱ्या बाजूस झुकतो. शहरात नव्या घरांपुढे विलायती गवताची गादी पसरण्याची जी टूम निघाली आहे, ती तर आम्हांस मुळीच समजत नाही. त्याच शहरातील कित्येक वस्त्यांनी वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड, कधी आठ दिवसांनी नळाचे पाणी पाहिले आहे.

आता मोगऱ्याकडे वळू. तो ना खाण्याचा, ना विकण्याचा. कडक मित्र म्हणेल, निदान तो तरी सोडा. येथे आम्ही त्याच्याशी सहमत नाही. उपयोग नाही ते टाकावे, हा नियम एकदा मान्य केला की तो झुडपाशी थांबत नाही. घरात उपयोगाची न राहिलेली म्हातारी माणसे असतात, वांझ गाय असते, अपंग मूल असते. परसाच्या कडेला एक निरुपयोगी झाड जगविण्याची सवय ज्या घराला आहे, त्या घरातल्या या जिवांची आम्हांस चिंता कमी वाटते. वर सांगितलेल्या खुलदाबादेकडील वस्तीवरच शेजारच्या खोपटात एक एकटी बाई राहत असे. तिच्या दाराशी मोगऱ्याचे एकच झुडूप होते. जेवून हात धुताना ती चूळ भरून दुसरीकडे टाकी, पण हातावरचे पाणी उजव्या बाजूस वळून झुडपावर सोडी. दिवसातून दोनदा, फार तर अर्धा तांब्या. बस्स, एवढेच त्याचे पाणी. कळ्या मोजक्याच येत. त्यातल्या तीन-चार ती पदरात बांधून संध्याकाळी वेशीवर टँकरच्या रांगेत उभी राही, आणि जी पोरगी सर्वांत मागे असेल तिच्या वेणीत खोवी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. यंदा ज्यांना झाड लावायचे आहे त्यांनी मृगाची वाट पाहत बसू नये. खड्डे वैशाखातच, रोहिणीपूर्वी, हात-दीड हात खोल खणून उघडे ठेवावे, म्हणजे उन्हाने माती तापून कीड मरते. तळाशी सुका पाला, वर मुरलेले शेणखत व काळी माती भरावी. जागा निवडताना न्हाणीचे पाणी कोणत्या अंगाला वाहते ते आधी पाहावे. आणि आड असेल तर झाड त्याच्या अगदी काठाशी लावू नये. मुळे बांधकामात शिरतात, शिवाय चार बाजूंनी चार माणसांस एकाच वेळी पोहरा सोडण्यास जागा लागते.